आधी वाचून दाखवा
(मारेगाव येथील बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, माझी आजी नव्वदी ओलांडून गेली. साठ वर्षं तिनं मारेगावच्या काळ्या रानात कापूस वेचला. पहिल्या वेचणीला सीतादही करायची, शेताला दहीभात द्यायची. सातबाऱ्यावर मात्र नाव आजोबांचं.

आजोबा 1972च्या दुष्काळानंतर वारले. तेरवी झाली आणि मुलांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनी नि काकांनी, हक्कसोडीचा कागद पुढे केला. आजीला अक्षर येत नव्हतं. म्हणाली, "आधी वाचून दाखवा, मंग अंगठा." ऐकलं आणि अंगठा दिला नाही! 1956च्या कायद्यानं विधवा, मुलगे, मुली सगळेच वारस. तिचं नाव चढलं.

माझ्या दोन्ही आत्यांनी मात्र सह्या केल्या. माहेर तुटेल ही भीती. ती आपल्यापैकी कुणाला नाही? 2005 साली मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच हक्क मिळाला, तेव्हा आत्यांचा कागद तिशी ओलांडून गेला होता.

भाऊबीजेला त्यांना साडी मिळायची. आजी मात्र मरेपर्यंत आपल्या हिश्श्यातली तूर दोघींच्या घरी पोचवत राहिली.