माझ्याकडे बघून कोण येणार?

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी माझी ओळख ‘व्यायाम प्रशिक्षक’ अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मला राग नाही. माझं वय ३७, वजन ८२ किलो. एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून मी वस्तीत काम करते. व्यायाम शिकवणारी बाई अशी नसते, असं मलाही वाटायचं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर पाठ धरली म्हणून मी एका जिममध्ये नाव घातलं. शिकवणारा मुलगा भला होता. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना उड्या मारायला लावल्या. तिसऱ्या उडीला माझे कपडे ओले झाले. घरी आले ती पुन्हा गेलेच नाही. कारण घरातही सांगितलं नाही. काही महिन्यांनी वस्तीतल्या बैठकीत धीर करून सांगितलं, तर अर्ध्याअधिक बायका म्हणाल्या, “ताई, आमचंही तसंच. खोकलं तरी होतं.” इतक्या जणींचं एकच दुखणं, आणि प्रत्येक जण एकटीच लाजत होती.

तेव्हा ठरवलं, हे आपणच शिकायचं. रीतसर कोर्स केला, परीक्षा पास झाले. मग काम मागायला गेले. एका ठिकाणी मालक म्हणाले, “मॅडम, तुम्हाला येतं सगळं, पण तुमच्याकडे बघून कोण येणार?”

या धंद्यात शिकवणाऱ्याचं शरीर हीच दुकानाची पाटी असते. बाईच्या पाटीवर तर एकच शब्द: बारीक. तिला काय उचलता येतं, किती जिने चढता येतात, हे कोणी विचारत नाही. खरं सांगते, परीक्षेआधी मीही महिनाभर अर्धपोटी राहिले होते. बायकांना स्वाभिमान शिकवणारी मी!

शेवटी शाळेच्या रिकाम्या वर्गात सुरुवात केली. संध्याकाळी दोन-तीन घरी जाऊन पैसे घेऊन शिकवते, त्यावर वस्तीतला वर्ग चालतो. पहिल्याच दिवशी धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “दिवसभर राबतो, तोच व्यायाम की!” प्रश्न रास्त होता. पण राबताना तेच गुडघे, तीच कंबर, तेच वाकणं, आणि दुखलं तरी थांबायची सोय नाही. व्यायामात भार आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, मध्ये विश्रांती घेतो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. तो उचलायचाच आहे, तर अंगात तेवढी ताकद नको?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. त्यासाठी यंत्रं लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, पाण्याने भरलेली बाटली उचलणं. आणि लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे, तीन ते पाच सेकंद धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा. मात्र लघवी करताना हे करू नका. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

समाजकार्यात पहिला धडा असतो: माणूस जिथे आहे तिथून सुरुवात करा. मी तेवढंच करते. कोणी लवकर दमली तर तिला आळशी म्हणत नाही, आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

आमच्या वर्गात वजनकाटा नाही. एक वही आहे. त्यात लिहितो: “आज जिना न थांबता चढले.” “नातवाला उचललं.” त्या मावशींनी परवा लिहवून घेतलं, “जमिनीवरून कोणाचा हात न धरता उठले.”

पोरांसाठी गल्लीत तालीम असते. बाईने आठवड्यातले दोन तास आणि एक खोली मागितली, की घरात आणि बाहेर विचारतात, “कशाला?” ती खोली आपण मिळून मागायची आहे. नगरसेवकाकडे, शाळेकडे, घरातही.

माझ्याकडे बघून कोण येणार, असं विचारलं होतं ना? आज आमच्या वर्गात २२ जणी आहेत. त्या म्हणतात, “ताई, तुला बघूनच आलो. म्हटलं, हिला जमतं तर आपल्यालाही जमेल.”

चला, आता उठा. हसणाऱ्यांनी आधी. हात न टेकता!