आठ जून की सहा ऑगस्ट?

वऱ्हाडात मृगाच्या आरंभी झालेल्या पेऱ्याची तारीख शेतकरी ८/६/२०२४ अशी सांगतो. परंतु संकेतस्थळांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेकडे ती इंग्रजी आकड्यांत जशीच्या तशी सोपवली, तर बहुतेक ब्राउझर अमेरिकी रिवाजाप्रमाणे महिना आधी धरतात, तिचा अर्थ ६ ऑगस्ट असा लावतात आणि कपाशीचा पेरा कागदोपत्री दोन महिने पुढे जातो. मजकुरातून दिवस, महिना व वर्ष वेगळे काढण्याच्या या क्रियेला पार्सिंग म्हणतात. १५/६ असे लिहिल्यास पंधरावा महिना नसल्याने यंत्र ती तारीख नाकारते व दोष उघड होतो; बाराव्या तारखेपर्यंतची चूक मात्र बिनबोभाट खपते, आणि असे संदिग्ध दिवस वर्षात थोडेथोडके नव्हे, १३२ असतात.

देवनागरी आकड्यांची गत तर याहून विचित्र आहे, कारण मराठी निवडली असता जो ब्राउझर ८/६/२०२४ असे देवनागरीत छापून दाखवतो, त्यालाच ते परत वाचावयास दिले की तो तारीख अवैध ठरवतो.

वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरवून देणारे आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याने क्रमाचा वाद मिटवला. तथापि अकोल्यातील मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेत बदलली की भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे आदल्या दिवसाची सायंकाळी साडेसहाची वेळ येते, आणि त्यातील केवळ तारीख उचलणारा प्रोग्रॅम १ जूनच्या जागी ३१ मे नोंदवतो.

पंचांगाच्या तिथी वाचावयाच्या असतील, तर महिन्याचे नावही पुरेसे ठरत नाही. वऱ्हाडात पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे २०२४ साली २ सप्टेंबरला आला. पण मेळघाटापलीकडे मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेला संपत असल्याने तीच अमावास्या भाद्रपदाची गणली जाते.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यांसाठी अर्ज तयार करणाऱ्यांनी दिवस, महिन्याचे नाव व वर्ष यांचे रकाने वेगळे ठेवावेत, देवनागरी आकडे स्वीकारावेत आणि तारखेचा क्रम ब्राउझरच्या तर्कावर न सोडता प्रोग्रॅममध्ये स्वतः लिहून द्यावा.