उघडी वाहिनी, कोवळे मूत्रपिंड आणि वाट पाहण्याचे धैर्य
(संस्थेच्या वार्षिक सभेत नवजात शिशु विभागाच्या वतीने केलेले भाषण)



नवजात अतिदक्षता कक्षाच्या दाराशी आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "बाळाच्या हृदयाजवळची नळी उघडी आहे म्हणता, ती बंद करण्याचे औषधही आहे म्हणता, मग देत का नाही?" विचारणाऱ्या पित्याच्या मनात कधी खर्चाची चिंता असते, तर कधी आमच्याकडून हयगय होत असल्याची शंका. या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

गर्भाशयात बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळे फुफ्फुसांकडे निघालेले बहुतेक रक्त 'डक्टस आर्टेरिओसस' नावाच्या आखूड वाहिनीतून परस्पर महारोहिणीत जाते. ही वाहिनी उघडी ठेवण्यात प्रोस्टाग्लॅण्डिन या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. ही संप्रेरकांच्याच जातीची द्रव्ये होत. मात्र ती एका ग्रंथीत न बनता शरीरात जागोजागी बनतात आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण सांभाळतात. जन्मानंतर वार सुटते, फुफ्फुसे या द्रव्यांचा निचरा करू लागतात, रक्तातील प्राणवायू वाढतो आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ही वाहिनी साधारणतः दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र ती अनेकदा उघडीच राहते. मग महारोहिणीतील रक्त उलट फुफ्फुसांकडे वळते. तेथे भार वाढतो आणि आतडी व मूत्रपिंडे यांच्या वाट्याला रक्त कमी येते.

अॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लॅण्डिनची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. या द्रव्यांवरील कार्याबद्दल १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा सहभाग होता. १९७६ साली इंडोमेथॅसिन या औषधाने अकाली जन्मलेल्या बाळांची वाहिनी मिटवता येते, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेवाचून उपाय सापडला, ही मोठीच गोष्ट होती.

परंतु औषध एका दाराला लावावे आणि ते साऱ्या वाड्याला लागावे, तसे येथे होते. मूत्रपिंडात रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लॅण्डिनच करतात. रक्त बाहेर नेणारी वाहिनी अँजिओटेन्सिन हे संप्रेरक आवळून धरते. या दोहोंच्या तोलावर नवजात बाळाची लघवी तयार होते. त्यातच मूत्रपिंडातील गाळण्या गर्भाच्या सुमारे ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत घडतच असतात. २८ आठवड्यांच्या बाळात हे काम अर्धवट असताना औषधाने तोल ढळला, तर लघवी कमी होते. आतड्यांचा रक्तपुरवठाही घटू शकतो. आयबुप्रोफेनने मूत्रपिंडांवर ताण तुलनेने कमी पडतो. पण तो मुळीच पडत नाही, असे नाही.

मग लाभ किती? उघडी वाहिनी असलेल्या अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांना लवकर आयबुप्रोफेन द्यावे की वाट पाहावी, याच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२३ व २०२४ साली प्रसिद्ध झाले. सरसकट लवकर औषध दिल्याने मृत्यू अथवा फुफ्फुसांचा दीर्घ आजार कमी होतो, असे त्यांत दिसले नाही. म्हणून आम्ही प्रत्येक बाळाचा स्वतंत्र विचार करतो : वाहिनी किती रुंद आहे, श्वासाचा आधार वाढतो आहे काय, लघवी पुरेशी होते काय. काहींना औषध द्यावेच लागते. अनेकांची वाहिनी यथावकाश आपोआप मिटते.

याच्या उलट, हृदयात काही जन्मजात दोष असलेल्या बाळांचे प्राण ही वाहिनी उघडी राहण्यावरच अवलंबून असतात. त्यांना शस्त्रक्रियेपर्यंत प्रोस्टाग्लॅण्डिनच शिरेतून द्यावे लागते. एकाला जे संकट, तेच दुसऱ्याला जीवन.

गरोदर भगिनींना एक विनंती. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. गर्भाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली दिला आहे. मात्र डॉक्टरांनी अल्प मात्रेत अॅस्पिरिन दिले असेल, तर ते आपल्या मनाने बंदही करू नये.

देणगीदारहो, वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. हृदयाची सोनोग्राफी पुनःपुन्हा करावी लागते. आमच्या परिचारिका रात्रभर प्रत्येक ओले लंगोट वजनकाट्यावर ठेवून लघवीचा हिशेब लिहितात. १ किलोच्या बाळाला तासाला १ मिलिलिटर लघवीही होत नसेल, तर ती आमच्यासाठी धोक्याची सूचना असते. आपल्या दानातून ही यंत्रे येतात आणि ही जागरणे शक्य होतात. त्या पित्याला आमचे उत्तर इतकेच : आम्ही औषध रोखले आहे, लक्ष नव्हे.