निरोगी माणसाचं माप



सातारा-सांगली भागातल्या वयस्कर माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : 'वजन आहे तेवढंच आहे डॉक्टर, पण अंगात जीव राहिला नाही.' 'वय झालं आता,' असं उत्तर मीही कित्येकदा दिलं. आज ते अपुरं वाटतं. काट्यावर वजन तेच राहतं, पण आत अदलाबदल झालेली असते. स्नायू झिजलेले असतात आणि त्यांची जागा चरबीनं घेतलेली असते. अशा माणसाला जिना जड जातो. एक दिवस तो पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि तो अंथरुणाला खिळतो. या झिजेला अमेरिकेतले आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव.

पण उणीव कशाच्या मानानं? म्हाताऱ्याची तुलना म्हाताऱ्याशी केली, तर सगळेच ठीक दिसतील. म्हणून माप घेतात ते तरुण, निरोगी माणसांचं. हाडांची घनता तपासणारं डेक्सा यंत्र सौम्य क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि उरलेला मऊ भाग वेगळा दाखवतं. हातापायांत हा मऊ भाग मुख्यतः स्नायूंचाच असतो. त्याच्या किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. येणारा आकडा तरुणांच्या सरासरीच्या फार खाली, म्हणजे शंभरांत दोन-तीन तरुणांचाच असेल इतका कमी आला, की ती उणीव. अमेरिकेत 1998 मध्ये बॉमगार्टनर यांनी ही पद्धत रूढ केली.

आता उदाहरण घ्या. एका गृहस्थांची उंची 1.65 मीटर आणि हातापायांतले स्नायू 18 किलो. भागाकार येतो 6.6. आशियाई तज्ज्ञगटानं 2014 मध्ये पुरुषांसाठी मर्यादा ठरवली 7.0, म्हणजे हे गृहस्थ उणिवेत. पण चंदीगडच्या निरोगी तरुणांना मोजून 2020 च्या सुमारास जी मर्यादा निघाली, ती सुमारे 6.1. त्या मापानं हेच गृहस्थ ठणठणीत! माणूस तोच, फक्त मोजपट्टी बदलली.

मग आपल्या दोन जिल्ह्यांची मोजपट्टी करायची तर कुणाला मोजायचं? कुंडलच्या कुस्ती मैदानातले पैलवान घेतले, तर सारा गाव आजारी ठरेल. कृष्णाकाठचा ऊसकरी, माण आणि जतच्या दुष्काळी पट्ट्यातला मेंढपाळ, विट्याचा यंत्रमाग कामगार, मिरजेतला कारकून, आणि या सगळ्यांच्या घरच्या बायका, असे सगळे त्यात हवेत. मधुमेह, क्षय, थायरॉईड यांची तपासणी करूनच 'निरोगी' म्हणायला हवं.

तरीही एक खाच उरते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही याज्ञिकांच्या चमूनं मोजली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती. स्नायू कमी होते, चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती.

म्हणजे आपले तरुणच मुळात कमी स्नायूंचे असतील, तर त्यांच्यावरून बेतलेली मोजपट्टी उणिवेलाच आरोग्य म्हणेल. परक्याचं माप आंधळेपणानं लावू नये, हे खरं. पण आपलं माप हाती आलं म्हणून निर्धास्तही होऊ नये. नुसत्या किलोंवर न थांबता त्या स्नायूंनी काम किती होतं, हेही पाहायला हवं.

ते घरीही पाहता येतं. हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. सोबत कुणीतरी असू द्या. 12 सेकंद किंवा जास्त लागले, किंवा पोटरीचा सर्वांत जाड घेर पुरुषात 34 आणि स्त्रीत 33 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर डॉक्टरांना दाखवा. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या या खुणा आहेत. त्यावरून रोग ठरत नाही, तपासणीची गरज कळते.

उपाय अवघड नाहीत. झेपेल तसा जोर लावायचा व्यायाम करावा. नुसतं चालणं पुरत नाही. ताटात मटकी, हुलगा, दूध, अंडी असावीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि हे आजोबांपुरतं ठेवू नका. उद्याच्या म्हाताऱ्यांचं माप आज ज्यांच्यावरून ठरणार आहे, त्या नातवंडांनाही रोज मैदानावर पाठवा.