मुदत सरली ती कोणाची?

(मुरार येथील मराठी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत तो वरवर पाहता क्षुल्लक आहे. दंडाची रक्कम थोडी, पावती चिटोऱ्याएवढी. परंतु न्यायाचे मोठे प्रश्न पुष्कळदा अशा चिटोऱ्यांतच दडलेले असतात.

पायाने अधू असलेला एखादा गृहस्थ दिव्यांगांसाठी राखलेल्या जागी गाडी उभी करतो. त्याच्या कार्डाची मुदत संपलेली आहे. नूतनीकरणाचा अर्ज त्याने वेळेपूर्वीच दिलेला आहे. तो अर्ज कचेरीत पडून आहे. परत येऊन पाहतो तो हाती दंडाची पावती! कार्डाची मुदत सरली हे खरे. पण त्याचे अधूपण का त्या तारखेस सरले?

मुरारकरांस हे दुःख समजावून सांगावयास नको. जिल्हा रुग्णालय येथेच असल्याने काठ्या-कुबड्या घेऊन दूरच्या गावांतून आलेली माणसे आपण नित्य पाहता. अशांना एक खेप अधिक पडणे म्हणजे काय, हे आपण जाणता.

२०१७ च्या नियमांप्रमाणे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र एका महिन्यात मिळावयाचे होते. २०२४ च्या दुरुस्तीने ती मुदत तीन महिन्यांची झाली. कचेरीस तीन महिन्यांची सवड आणि नागरिकास एका दिवसाचीही नाही, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, अशी सूट दिल्यास जुन्या कार्डांचा दुरुपयोग होईल. आम्ही सूट मागत नाही; कायद्याने इतरांस जे दिले तेच मागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ८७ पाहा. बस किंवा ट्रकच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असेल, तर तात्पुरता परवाना देण्याची सोय त्यात आहे. करोनाच्या साथीत १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेले वाहनचालकांचे परवाने सरकारने पुढे ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरावयास सांगितले. म्हणजे कचेरीची दारे बंद असता नागरिकास दोषी धरू नये, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. जे ट्रकला मिळते ते अधू माणसास का मिळू नये?

म्हणून अशी पावती हाती पडली तर ती रागाने फाडू नये आणि कंटाळून भरूही नये. दंड भरला की प्रकरण तेथेच मिटते. अर्जाची पोच, जुने कार्ड व जागेचे छायाचित्र जोडून लेखी हरकत घ्यावी. ती ऐकली गेली नाही तर न्यायाधीशापुढे उभे राहावे. विलंबाची तक्रार राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे करावी. २०१६ च्या कायद्यात या पदाची तरतूद त्याचसाठी आहे. आणि सर्वांनी मिळून एकच मागणी लावून धरावी: वेळेत दिलेल्या अर्जाची पोच हाच निकालापर्यंतचा तात्पुरता परवाना समजावा.

दंड एकाचा असला तरी प्रश्न सर्वांचा आहे. कचेरीच्या दिरंगाईचा भार जोपर्यंत दुर्बळाच्या खांद्यावर टाकला जातो, तोपर्यंत राखीव जागेची ती पाटी केवळ शोभेचीच राहील.