खिडकी आणि पश्चिमेचे ऊन

फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतच्या बाजूस, शिजविलेली हळद खळ्याखळ्यांवर वाळत घातलेली दिसते. शेतकऱ्याची हळद वाळविणारे हे ऊन त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या खिडकीतून त्याच्या घरात शिरते, भिंती तापवून ठेवते आणि रात्री घरातील वृद्धांची व लेकरांची झोप हिरावून घेते. वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात खिडकीची निवड ही केवळ शोभेची बाब नव्हे. ती आरोग्याची बाब आहे, आणि विजेच्या बिलाचीही आहे.

जुन्या मराठवाडी घराने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद, बाहेरच्या बाजूस लहान झरोके आणि मधल्या चौकाकडे उघडणारी दारे, अशी त्याची रचना असे. उजेड कमी, पण उष्म्यापासून बचाव पुष्कळ. आता विटा-सिमेंटची घरे आली, भिंती पातळ झाल्या आणि खिडक्या रुंद झाल्या. उजेड आला ही गोष्ट चांगलीच झाली. मात्र उजेडाबरोबर उष्णताही आली. ती अडवावी कशी, हे ठरविण्यापूर्वी सूर्याची चाल ध्यानात घेतली पाहिजे.

हिंगोली सुमारे पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्ही सूर्य तेथे अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही, आणि वरचा हातभर छज्जा पुरेसा होतो. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी क्षितिज व माथा यांच्या साधारण मध्यावर असतो. तेव्हा दक्षिणेची खिडकी कोवळी ऊब आत आणते, आणि ती हवीशीच असते. पश्चिमेची गोष्ट निराळी. तेथे दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, त्याचे किरण छज्जाखालून तिरपे येतात आणि थेट अंथरुणापर्यंत पोहोचतात. म्हणून चार खिडक्यांपैकी एकीवरच खर्च करणे शक्य असेल, तर तो पश्चिमेच्या खिडकीवर करावा.

आता पुष्कळ गृहस्थ बाजारात जाऊन जाड पडदा आणतात आणि तो खोलीच्या आत टांगतात. तो अगदीच निरुपयोगी नव्हे. परंतु येथे काचेचा स्वभाव आड येतो. साधी काच सूर्यप्रकाशाला सहज वाट देते. मात्र आत तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या उष्णतेला ती तितक्या सहजतेने बाहेर जाऊ देत नाही. पडदा काचेच्या आत असला म्हणजे ऊन काच ओलांडून येते, पडदा तापतो आणि ती उष्णता बव्हंशी घरातच राहते. ज्यास याची प्रचीती घ्यावयाची असेल, त्याने दुपारी चार वाजता पडदा आणि काच यांच्यामध्ये हात घालून पाहावा. आतला पडदाच घ्यावयाचा असेल, तर काचेकडील बाजू पांढरी असावी, म्हणजे निदान काही ऊन परत फिरेल.

याउलट, तेच आच्छादन काचेच्या बाहेर लावले तर ऊन काचेला भिडण्यापूर्वीच अडते. बांबूच्या काड्यांचा चिक, लाकडी झडपा, जाड कापडाची कनात, दाराबाहेरचा वेलीचा मांडव, ही सारी साधने याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, बाहेरून लावलेल्या कापडी छतामुळे पश्चिमेच्या खिडकीतून येणारी सौर उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. साध्या साधनाचा हा मोठाच प्रताप म्हणावयाचा.

वाळ्याच्या ताटीची युक्ती याहून एक पाऊल पुढची. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. कोरड्या वाऱ्यात ही ताटी उत्तम काम देते. पावसाळी दमट हवेत तिचा गुण ओसरतो. आणि ज्या गावी वैशाखात पाण्यासाठी घागरींची रांग लागते, तेथे ताटीवर पाणी शिंपडण्यापूर्वी विचार करावा हे उचित.

नव्या काचेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. थंड देशांत दुहेरी काचेच्या खिडक्या वापरतात, कारण तेथे आत-बाहेरच्या तापमानात तीस-चाळीस अंशांचे अंतर पडते. हिंगोलीत ते अंतर त्याच्या निम्म्याच्या आसपास असते, आणि येथील मुख्य शत्रू थेट ऊन हा आहे. साध्या दुहेरी काचेतूनही ऊन बरेचसे आत येतेच. तेव्हा महाग काच घ्यावयाची झाल्यास, ती सौर उष्णता किती आत सोडते, हा प्रश्न विक्रेत्यास आधी विचारावा.

खिडकी किती उघडते, हेही पाहावे. दोन सरकत्या तावदानांची खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेने उष्ण व कोरड्या प्रदेशातील घरास जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहा टक्के इतका भाग उघडता यावा, असे प्रमाण सांगितले आहे. कूलर वापरणाऱ्याने समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर हवा कोंडून दमट होते. वातानुकूलन यंत्र असल्यास मात्र खिडकीच्या फटी बुजवाव्यात. यंत्र नसेल त्याने सकाळी ऊन चढताच खिडक्या मिटाव्यात आणि रात्री, डासांची जाळी लावून, त्या सताड उघडाव्यात.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यास मात्र वरून येणारे ऊन खिडकीतल्या उन्हाहून भारी असते. त्याने पहिला पैसा छपराच्या सावलीवर खर्चावा. इतरांनी आधी सावली करावी, मग वारा खेळता करावा आणि काचेचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम उलटला, तर भारी काचेचे पैसे जातात आणि वैशाखातल्या रात्री घरातला म्हातारा पूर्वीप्रमाणेच खाट घेऊन अंगणात जातो.