निशिगंधाचा कोलाहल

पांढरें फूल म्हटलें कीं आपल्या मनांत सात्त्विकतेचें चित्र उभें राहतें. जाई, जुई, सायली, कुंद, मोगरा, अनंत, निशिगंध ही सारी मंडळी सौम्य, सोज्ज्वळ आणि लाजऱ्या स्वभावाची आहे असें आपण धरून चालतों. घरांत मुलगी जन्मली कीं नांवासाठीं पहिल्यानें हींच फुलें आठवतात, तींहि याच समजुतीनें. परंतु डोळे मिटून यांपैकीं एखाद्या फुलाचा नुसता वास घ्यावा, म्हणजे ही समजूत डळमळूं लागते. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं मोगरा फुललेल्या अंगणांत जो शिरतो, त्याला फूल दिसण्यापूर्वींच वास गांठतो. लाजाळूपणा म्हणतात तो हा खचित नव्हे.

या विसंगतीचें कारण वनस्पतिशास्त्रांत सांपडतें. रात्रीं उमलणाऱ्या फुलाला रंगाचा फारसा उपयोग नाहीं; अंधारांत लाल काय आणि निळा काय, सारखेच. त्याला दूरवरच्या पतंगाला बोलवावयाचें असतें, आणि तें काम मुख्यतः वासालाच करावें लागतें. तेव्हां पांढरा रंग हा या फुलांचा विनय नसून ती काटकसर आहे. रंगावरची शिल्लक त्यांनीं वासावर खर्च केलेली असते. शिवाय तो वास तरी निव्वळ गोड कोठें असतो? मोगरा, जाई, संत्र्याचा मोहर यांच्या सुवासांत इंडोल नांवाचें एक द्रव्य अल्प प्रमाणांत असतें. हेंच द्रव्य विष्ठेंतहि सांपडतें, आणि एकटें, दाट स्वरूपांत पुढें आलें तर कोणीहि नाकाला पदर लावील. फुलांत तें लेशमात्र असतें, आणि त्यामुळेंच वासाला अंग येतें, ऊब येते. तें वगळून केलेला मोगरा हा साबणाच्या वडीचा मोगरा होतो. स्वच्छ, परंतु निर्जीव.

या सगळ्या मंडळींत निशिगंधाची गोष्ट निराळी आहे. पुण्याच्या फुलबाजारांत त्याला गुलछडी म्हणतात, हिंदी व बंगाली मुलुखांत रजनीगंधा. नांवें अशीं घरचीं वाटतात कीं, हें फूल येथलेंच असावें अशी कोणाचीहि कल्पना व्हावी. वास्तविक त्याची जन्मभूमि मेक्सिको. तेथल्या प्राचीन लोकांच्या भाषेंत त्याला ‘हाडाचें फूल’ अशा अर्थाचें नांव होतें. स्पॅनिश लोकांच्या मागोमाग तें सोळाव्या शतकांत युरोपांत आलें आणि नंतर आपल्याकडे पोंचलें. म्हणजे नांव कितीहि संस्कृत असलें तरी कालिदासाला हें फूल ठाऊक असणें शक्य नव्हतें! फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला तें इतकें आवडे कीं, व्हर्सायजवळच्या त्रियानों येथील बागेंत त्यानें त्याचे ताटवेच्या ताटवे लावविले होते, आणि संध्याकाळीं त्या उग्र वासानें दरबारी लोकांना तेथून काढता पाय घ्यावा लागे. बाळंतिणीला हा वास बाधतो असाहि त्या काळीं समज होता. राजाच्या एका प्रियपात्र स्त्रीनें आपलें बाळंतपण लपविण्यासाठीं मुद्दाम आपल्या दालनांत निशिगंध भरून ठेविला, अशी एक आख्यायिका आहे. तिच्या खरेपणाची हमी कोणी देऊं नये. परंतु फुलाची कीर्ति कशी होती हें तिच्यावरून समजतें.

या फुलाचा आणखी एक गुण असा कीं, खुडल्यावरहि तें मरत नाहीं. गुलाब तोडला कीं त्याचा सुवास उतरणीस लागतो, म्हणून त्याचें अत्तर तांतडीनें ऊर्ध्वपातनानें काढतात. जाई आणि निशिगंध यांचें तसें नाहीं. तोडल्यानंतरहि कांहीं काळ तीं सुवास निर्माण करीतच राहतात. दक्षिण फ्रान्समधील ग्रास येथील कारागिरांनीं ही गोष्ट हेरली. लांकडी चौकटींत बसविलेल्या कांचेवर शुद्ध चरबीचा थर द्यावयाचा, त्यावर फुलें पसरावयाचीं, तीं थकलीं कीं काढून ताजीं घालावयाचीं, असें कित्येक दिवस चाले. चरबी सुवासानें तृप्त झाली म्हणजे मद्यार्कानें ती धुवून सुगंध वेगळा करीत. आतां ही रीत बहुतेक मागें पडून द्रावकांनीं अर्क काढतात. थोड्याशा अर्कासाठीं हजारों किलो फुलें लागतात, आणि जगांतील अत्तरव्यवसायाला लागणारा निशिगंधाचा अर्क आज मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशांतून, मुख्यतः दक्षिणेंतून जातो. पॅरिसची म्हणून जी बाटली विकली जाते, तिच्यांत तामिळनाडूंतील शेतकऱ्याची पहांटहि असूं शकते.

अशा या फुलावर 1948 मध्यें पॅरिसमध्यें एक सुगंध रचला गेला. त्याचें नांव ‘फ्राका’. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ कोलाहल, गलबला. विकणारी पेढी रोबेर पिगे या वस्त्रकाराची होती, आणि रचना जर्मेन सेलिए या बाईंची. जर्मेन सेलिए यांचा जन्म 1909 चा, बोर्दोचा. शिक्षणानें त्या रसायनशास्त्रज्ञ. सुगंध रचण्याचा धंदा त्या काळीं जवळजवळ सर्वस्वीं पुरुषांच्या हातीं होता, आणि बाईंचा स्वभाव मिळतेंजुळतें घेण्याचा नव्हता. स्पष्ट बोलणाऱ्या, भरपूर धूम्रपान करणाऱ्या, सहकाऱ्यांशीं खटके उडविणाऱ्या अशीच त्यांची ख्याति आहे. याच पेढीसाठीं 1944 मध्यें त्यांनीं ‘बांदी’, म्हणजे दरोडेखोर, या नांवाचा कातड्याच्या वासाचा एक सुगंध केला होता. अशा बाईंच्या हातीं पांढरें फूल आल्यावर ती वधूच्या हातांतील फुलांची मोळी होणार नाहीं हें उघड होतें.

फ्राकामध्यें निशिगंध मध्यभागीं आहे, पण एकटा नाहीं. जाई आहे, संत्र्याचा मोहर आहे, खालीं चंदन आणि कस्तुरीसारखा वास देणारीं द्रव्यें आहेत; अनंताचाहि भास होतो. अनंताच्या फुलाचा अर्क व्यापारांत सहसा मिळत नाहीं, म्हणून तो भास इतर द्रव्यांच्या मेळानें रचावा लागतो. एरव्हीं कुशल रचनाकार उग्र फुलाची धार बोथट करण्याची खटपट करतो. सेलिए यांनीं उलट केलें. निशिगंधाच्या अंगचा लोण्यासारखा दाटपणा त्यांनीं वाढविला आणि भोंवतालच्या सर्व फुलांना त्याच्या बाजूनें बोलावयास लावलें. युद्ध संपून तीनच वर्षें झालीं होतीं. शत्रूच्या ताब्यांत राहिलेल्या, रेशनवर दिवस काढलेल्या शहरांत हा सुवास निघाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या नांवाचा अर्थ अधिक कळतो. पिगे यांची पेढी 1950 नंतर लौकरच मिटली. पुढें हक्क इतरांकडे गेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हा सुगंध पुन्हा नीट बाजारांत आला. जुन्या व नव्या बाटलींतील वास तंतोतंत एकच असेल अशी अपेक्षा मात्र करूं नये.

हा सुगंध कोणाला शोभतो? दुकानदारांचें उत्तर तयार असतें. पांढरीं फुलें नाजूक, प्रेमळ, स्वप्नाळू तरुणींना, मसाल्याचे वास प्रौढांना, लांकडाचे पुरुषांना. राशिभविष्यासारखी ही वाटणी आहे, आणि तिला आधारहि तितकाच. फ्राकापुरतें बोलावयाचें तर ती साफ चुकीची आहे. जी व्यक्ति घोळक्यांत आपल्याकडे कोणी पाहूं नये म्हणून भिंतीला टेकून उभी राहते, तिच्या अंगावर हा सुगंध उसन्या दागिन्यासारखा दिसतो. लोकांना वास आठवतो, माणूस आठवत नाहीं. तो शोभतो तिला, जिला पाहिलें जाण्याची भीति उरलेली नाहीं आणि हांवहि नाहीं. दुसरी अट पहिलीपेक्षां अवघड आहे. वय, रूप, श्रीमंती यांचा येथें संबंध नाहीं. शाळेच्या मुख्याध्यापिका, खटल्यांत उभ्या राहणाऱ्या वकील, चार माणसांचें कुटुंब एकटीनें ओढून आतां कोठें स्वस्थ बसलेली बाई, यांना तो एखाद्या नवयौवनेपेक्षां अधिक खुलेल. पुरुषांना वर्ज्य मानण्याचेंहि कारण नाहीं. मनगटावर मोगऱ्याचा गजरा बांधून गाणें ऐकावयास बसणारे आणि कानांत अत्तराचा फाया ठेवणारे रसिक आपल्याकडे पूर्वीं कमी नव्हते.

याच ठिकाणीं एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. आपल्या समाजांत सुवासिक फूल कोणाला शोभतें हा प्रश्न रुचीचा म्हणून कधीं फारसा विचारलाच गेला नाहीं. तो अधिकाराचा होता. ज्या निशिगंधाचा हार लग्नांत वराच्या गळ्यांत पडतो, तोच पुढें तिरडीवर चढतो, आणि त्या दिवसापासून मागें राहिलेल्या बाईच्या केसांतलें फूल सुटतें. ‘सुवासिनी’ या शब्दांत तर सुवासाचा भास उघडच आहे, मग व्युत्पत्ति कोणतीहि असो. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवानें मे 2022 मध्यें ठराव करून कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा बंद केल्या, आणि राज्य शासनानें इतर गांवांनींहि तसें करावें असें पत्रक काढलें. फुलाची बंदी अशा कोणत्याहि विधीवांचून, न सांगतां पाळली जाते. म्हणून ती ठरावानें उठणेंहि कठीण. चाळिशींत वैधव्य आलेली बाई बाटलींतला थेंब लावते तेव्हां शेजारच्या खिडक्या कां उघडतात, याचें उत्तर रसायनशास्त्रांत नाहीं.

वासाचा स्वभाव अखेर वापरणाऱ्याच्या स्वभावांत मिसळतो, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकन गायिका मॅडोना हिची आई 1963 मध्यें वारली, तेव्हां मुलगी पांच वर्षांची होती. आईच्या अंगाला येणारा अनंत आणि निशिगंध यांचा वास तिला आठवत राहिला, आणि 2012 मध्यें तिनें स्वतःच्या नांवानें सुगंध काढला तो याच फुलांवर. जाहिरातींनीं ज्या वासाला मोहिनी म्हणून मिरविलें, तोच एका पोरक्या मुलीच्या लेखीं आईचा वास होता.

वापरण्याबद्दल थोडें. पॅरिसच्या थंड हवेसाठीं झालेला सुगंध मुंबईच्या दमट उकाड्यांत दुप्पट बोलतो. दोन थेंब थंडींत लावावे तेथें मे महिन्यांत एक पुरे. लोकलच्या डब्यांत, रुग्णाच्या खोलींत आणि परीक्षेच्या वर्गांत तोहि नको, कारण तेथें शेजाऱ्याला उठून जाण्याची सोय नसते. विकत घेण्यापूर्वीं कागदाच्या पट्टीवर विश्वासूं नये. मनगटावर लावून, न चोळतां, अर्धा तास तरी बाहेर फिरावें. पहिला गलबला ओसरल्यावर जो वास राहील, त्याच्याशीं पटतें कीं नाहीं तें पाहावें. रेशमावर थेंब थेट टाकूं नये, डाग राहतो. मानेच्या मागें, केसांच्या मुळाशीं लावावा, म्हणजे जेथें गजरा माळतात तेथेंच.